वापरलीच नाही, तरी बॅटरी गेली?

प्रश्न: माझं हातात धरून खेळायचं गेमिंग डिव्हाइस आहे, अभ्यासामुळे वर्षभर हातच लावला नाही. ठेवताना मुद्दाम १०० टक्के चार्ज करून कपाटात ठेवलं होतं, आता अर्ध्या तासात बंद पडतं. न वापरता बॅटरी खराब कशी होते? पूर्ण उतरवून मग चार्ज केली की सुधारते म्हणतात, करू का?

उत्तर: लिथियम-आयन बॅटरी तयार झाली की त्या दिवसापासून म्हातारी व्हायला लागते, तुम्ही वापरा नाहीतर नका वापरू. आत ग्राफाइटवर (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकावर) एक पातळ थर असतो, तो लागतोच, पण हळूहळू जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. बॅटरी फुल असली आणि वर जागा पण गरम असली की हे सगळं जास्त वेगाने होतं, म्हणजे तुम्ही काळजी म्हणून जे केलंत तेच तिला नडलं असणार. बरेच दिवस ठेवायचं असेल तर साधारण ४० ते ६० टक्क्यांवर बंद करून थंड जागी ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा, कारण पार शून्यावर पडून राहिली तर उठतच नाही कधीकधी.

उतरवून चार्ज करायचा सल्ला निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांच्या जमान्यातला, १९९१ पासून लिथियम-आयन बाजारात आहे तरी तो काही जाता जात नाही! त्याने फार तर स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा नीट दिसायला लागेल, गेलेली क्षमता परत येणार नाही. बॅटरी बदला, मशीन बाकी ठीक असेल तर टाकू नका.

प्रश्न: फोन दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा चार्ज करतो. सायकल दुप्पट मोजल्या जातात का?

उत्तर: नाही हो. ५० आणि ५० टक्के मिळून पूर्ण १०० झाले की एकच सायकल धरतात. बऱ्याच बॅटऱ्या साधारण ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात, काही नव्या जास्त टिकतात. अर्धं-अर्धं चार्ज करणं उलट चांगलंच, फक्त चार्जिंगला लावून जड गेम खेळत बसू नका, उष्णतेने वाट लागते. आणि मागचं कव्हर फुगलेलं दिसलं तर चार्जर लगेच काढा, दाबून बसवायला किंवा टोचून हवा काढायला जाऊ नका, आतला गॅस पेट घेऊ शकतो. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.