सैबेरियाच्या समुद्राखालचा ‘मिथेन बॉम्ब’: पर्माफ्रॉस्ट कुठे, हायड्रेट कुठे

तुमचे प्रश्न तीन आहेत. सैबेरियाच्या उथळ समुद्राखालून ५० अब्ज टन मिथेन एकदम सुटणार हे खरं का? तळाचं पाणीच शून्याखाली असेल तर तिथली गोठलेली जमीन वितळते कशी? आणि हा वायू निसटण्याआधी काढून वापरता येणार नाही का? सागरी गाळाच्या सर्वेक्षणात बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवात मधल्या प्रश्नापासून करतो, कारण तो सुटला की पहिल्याचं उत्तर बरंचसं हाती येतं.

हा पर्माफ्रॉस्ट, म्हणजे ही वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, मुळात समुद्रात तयार झालेलीच नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. आज जिथे लाप्तेव्ह समुद्र आणि पूर्व सैबेरियन समुद्र आहेत तिथे तेव्हा उघडी जमीन होती. तिच्या बहुतेक भागावर हिमस्तराचं पांघरूणही नव्हतं, त्यामुळे ती शेकडो मीटर खोलवर गोठत गेली. पुढे हिमस्तर वितळले, समुद्र वर चढला आणि ही जमीन बुडाली. जिच्या पृष्ठभागाचं वार्षिक सरासरी तापमान उणे १० अंशांच्याही खाली होतं तिच्यावर आता उणे १ ते उणे १.८ अंशांचं पाणी आलं. आपल्याला हे पाणी बर्फगार वाटतं, पण त्या जमिनीच्या दृष्टीने तापमान एकदम दहाहून अधिक अंशांनी वाढलं. म्हणजे तिचं तापणं कारखान्यांच्या युगाच्या हजारो वर्षं आधीच सुरू झालं आहे. हा काळ ध्यानात न घेता लिहिलेल्या बातम्या माझ्या मते वाचकाची दिशाभूल करतात.

आता मिठाचं काम पाहा. गाळाच्या कणांमधला बर्फ गोड्या पाण्याचा असतो. वरून खारं पाणी हळूहळू झिरपतं आणि त्या बर्फाचा वितळणबिंदू खाली आणतं, त्यामुळे गाळ उणे १ अंशावर असूनही बर्फ विरघळत जातो. पर्माफ्रॉस्टची व्याख्या फक्त तापमानावर आहे: सलग दोन वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन. म्हणून समुद्राखाली असा पर्माफ्रॉस्टही सापडतो ज्यात बर्फ जवळजवळ उरलेलाच नाही. खालून पृथ्वीच्या पोटातली उष्णताही त्याला पोखरत असते. लाप्तेव्ह समुद्राच्या दक्षिण भागात १९८०च्या दशकात घेतलेल्या विंधनछिद्रांच्या जवळच सुमारे तीस वर्षांनी पुन्हा छिद्रं घेतली. बर्फाने बांधलेल्या थराचा माथा या काळात वर्षाला सरासरी १४ सेंटीमीटर खाली गेलेला दिसला. हा वेग कमी नाही, आणि ‘तिथे काही घडतच नाही’ म्हणणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा.

पण मिथेन हायड्रेट ही वेगळी गोष्ट आहे. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेनचा रेणू अडकून बनणारा हा बर्फासारखा घन पदार्थ आहे. एक घनमीटर हायड्रेट फुटलं की साधारण १६० घनमीटर वायू सुटतो, म्हणूनच त्याची इतकी धास्ती. पण ते टिकायला थंडीबरोबर दाबही लागतो. शून्य अंशाला सुमारे २६ वातावरणांइतका, म्हणजे साधारण अडीचशे मीटर पाण्याचा. पूर्व सैबेरियाचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सरासरी ५० मीटरच्या आसपास खोल आहे. तिथे समुद्रतळावर हायड्रेट टिकूच शकत नाही. असलंच तर ते तळाखाली सुमारे २०० मीटर किंवा त्याहून खोल, गोठलेल्या थराच्या आत किंवा खाली असणार.

आता हिशेब करा. गाळातून उष्णता विसरणाने, म्हणजे थराथरातून हळूहळू पसरत, २०० मीटर उतरायची तर हजार वर्षांच्या पातळीचा काळ लागतो. वाटेत बर्फ वितळवण्यात खर्च होणारी उष्णता धरली की तो आणखी लांबतो. हायड्रेट फुटतानाही उष्णता शोषतं, म्हणजे ते स्वतःच्या विघटनाला लगाम घालतं. या दशकात पाणी एका अंशाने तापलं, तरी ही बातमी त्या खोल हायड्रेटपर्यंत पोचायला पिढ्यानपिढ्या जातील. ५० अब्ज टनांचा आकडा २०१३मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतल्या एका लेखामुळे गाजला. तो लेख असं घडल्यास जगाला किती आर्थिक फटका बसेल याचा अंदाज मांडत होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पश्चिम सैबेरियात जमिनीवर २०० मीटरपेक्षा कमी खोलीवरही जुनं हायड्रेट असल्याच्या खुणा आहेत. गोठलेल्या गाळात विघटन सुरू झालं की कडेने बर्फाचं कवच तयार होतं आणि आतला भाग दाब कमी असूनही टिकतो. शिवाय वायू वर यायला उष्णतेची वाट पाहावी लागत नाही. पर्माफ्रॉस्टमध्ये आरपार वितळलेली भोकं आणि भूभ्रंश (भूथरांतल्या भेगा) असतात, आणि खाली अडकलेला मोकळा वायू त्यांतून निघतो. भूखंडमंचावर बुडबुड्यांचे स्तंभ दिसतात ते खरेच आहेत. प्रश्न फक्त त्यांचा स्रोत कोणता हा आहे.

एवढी वर्षं होऊनही हे का ठरत नाही? खोल समुद्रात हायड्रेटच्या तळाशी भूकंपीय नोंदीत एक ठळक परावर्तन दिसतं, त्यावरून ते ओळखता येतं. गोठलेल्या गाळात ही सोय राहत नाही. बर्फ आणि हायड्रेट दोन्ही ध्वनिलहरींचा वेग वाढवतात, दोन्ही विजेला विरोध करतात. नोंद पाहून कोणतं कोणतं हे सांगता येत नाही, छिद्र घ्यावंच लागतं. एवढ्या अफाट क्षेत्रात अशी छिद्रं मोजकीच आहेत.

उत्सर्जनाचे अंदाजही यामुळे फिरत राहिले. शाखोवा आणि सेमिलेतॉव्ह या रशियन संशोधकांच्या गटाने २०१०मध्ये पूर्व सैबेरियन भूखंडमंचासाठी वर्षाला सुमारे ८० लाख टन मिथेन सांगितलं, पुढे ते १.७ कोटी टनांवर नेलं. २०१४च्या स्वीडिश-रशियन सफरीतल्या मोजमापांवरून साधारण ३० लाख टन निघालं. जगभरचं सगळ्या स्रोतांचं मिथेन वर्षाला ६० कोटी टनांच्या आसपास आहे. माझा कल कमी आकड्याकडे आहे. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या, सहाव्या अहवालानेही या शतकात हायड्रेटमुळे तापमानवाढीच्या वाटेत लक्षणीय फरक पडणं फारच कमी संभाव्य मानलं आहे.

नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या पश्चिमेला काय झालं तेही वाचा. तिथे १५० ते ४०० मीटर खोलीवर २५०हून अधिक बुडबुड्यांचे स्तंभ सापडल्याचं २००९मध्ये प्रसिद्ध झालं आणि कोमट होत चाललेलं पाणी हे कारण लगेच पुढे आलं. नंतर तिथे गळतीच्या जागी साठलेल्या कार्बोनेटच्या (चुनखडीसारख्या) कवचांचं वय काढलं, तर गळती किमान ३,००० वर्षं जुनी निघाली. हिमस्तराचं ओझं उतरल्यावर जमीन वर उचलली गेली, पाण्याचा दाब घटला आणि हायड्रेट फुटू लागलं, हे स्पष्टीकरण मला अधिक पटतं. तिथल्या मिथेनचा मोठा भाग पाण्यातच विरतो, जिवाणू त्याचं ऑक्सिडीकरण करतात. उथळ समुद्रात मात्र बुडबुड्याला हा अवधी मिळत नाही. म्हणूनच मला चिंता उथळ भागातल्या साध्या, मोकळ्या वायूची वाटते, आणि किनारे खचून समुद्रात येणाऱ्या जुन्या सेंद्रिय कार्बनची. २०२२नंतर रशियाबरोबरचं संयुक्त संशोधन बरंचसं थांबलं, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाच्या भागातच मोजमापं तुटली. हे मोठं नुकसान आहे.

राहिला तिसरा प्रश्न. हायड्रेटमधून वायू निघतो हे कॅनडात मॅकेंझी नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या मॅलिक इथे सिद्ध झालं. तिथे २००८मध्ये दाब उतरवून सहा दिवस अखंड वायू मिळवला, सुमारे १३,००० घनमीटर. पण तो थर वाळूचा, हायड्रेटने गच्च भरलेला आणि हजार मीटरच्या आसपास खोल होता. सैबेरियाच्या भूखंडमंचावर जे झिरपतं आहे ते हजारो चौरस किलोमीटरवर, बारीक गाळात विखुरलेलं आहे. वर्षातला बराच काळ वर समुद्रबर्फ असतो. विहीर खोदून ही गळती गोळा करता येणार नाही, आणि मॅलिकसारखे चांगले थर उपसले तरी तिच्यात फरक पडणार नाही, कारण ते थर आज गळतच नाहीत.