सीटीसीएफ कमी केल्यावर ७२ तासांनी बदललेली जनुके त्याचीच थेट लक्ष्ये मानावीत का?

एचसीटी-११६ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचे एमआरएनए नष्ट करवणारे छोटे आरएनए) वापरून सीटीसीएफ, म्हणजे डीएनएला बांधून त्याच्या घड्या ठरवणारे प्रथिन, ८० टक्के उतरवले, ७२ तासांनी आरएनए सीक्वेन्सिंग (कोणते जनुक किती वाचले जाते याची मोजणी) केले आणि शेकडो जनुके बदललेली दिसली, असे तुम्ही लिहिले आहे. नाही, ती सगळी थेट लक्ष्ये मानू नका. ७२ तासांत पेशींची वाढ मंदावते, आणि या पेशींत पी५३ (ताण आला की पेशीविभाजन रोखणारे प्रथिन) शाबूत असल्यामुळे ताणाला प्रतिसाद म्हणून पेशीचक्र थांबवणारे सीडीकेएन१ए हे जनुक वर जाऊ शकते. यादीत पेशीचक्राची जनुके एकगठ्ठा दिसली, तर ती बहुधा या मंदावण्याची खूण.

दुसरी गोष्ट उरलेल्या २० टक्क्यांची. घट्ट बांधणाऱ्या जागांवर तेवढे सीटीसीएफही टिकून राहते. म्हणून 'जनुक बदलले नाही' याचा अर्थ 'सीटीसीएफ तिथे लागत नाही' असा होत नाही. मुळात तो ८० टक्क्यांचा आकडा तपासा: वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) नियंत्रण नमुन्याच्या १००, ५०, २५ आणि १२.५ टक्के अशा पायऱ्या शेजारी चढवा. एकाच पट्टीवरून काढलेली टक्केवारी मला भरवशाची वाटत नाही, कारण गडद पट्टीत संकेत संपृक्त होतो.

एसआयआरएनएवरच थांबायचे असेल तर वेगवेगळ्या क्रमांचे किमान दोन घ्या, प्रत्येकी १० ते २० नॅनोमोलर. आयएफआयटी१ किंवा ओएएस१ ही जनुके वाढली असतील तर तो एसआयआरएनएलाच आलेला इंटरफेरॉनचा (विषाणूविरोधी) प्रतिसाद आहे. एसआयआरएनएला दाद न देणारे सीटीसीएफ परत घालून बदल मागे फिरतो का, ही सर्वांत खात्रीची कसोटी.

थेट परिणाम हवा असेल तर ऑक्सिन-डेग्रॉन गाठा: प्रथिनाला एक टॅग जोडायचा, मग ऑक्सिन हे वनस्पती-संप्रेरक दिले की ते प्रथिन काही तासांत नष्ट होते. याच पेशींत २०१७ साली आरएडी२१, म्हणजे डीएनएचे फास धरणाऱ्या कोहेसिन या प्रथिन-संचाचा एक भाग, सहा तासांत नाहीसे केले, तेव्हा कोहेसिनचे फास जवळपास सगळे सुटले, पण बहुतेक जनुकांचे वाचन फारसे हलले नाही. सीटीसीएफसाठीही १ ते ६ तासांतले नवजात (नुकतेच तयार होत असलेले) आरएनएच मोजा. एरवी आधीच साठलेले एमआरएनए बदल झाकून टाकते. टॅग नसलेल्या मूळ पेशींनाही ऑक्सिन द्या, कारण ऑक्सिन स्वतःच सीवायपी१ए१ हे जनुक चेतवू शकते. टॅगमुळे ऑक्सिनआधीच प्रथिन घटलेले नाही ना, तेही पाहा.

आणि ईआरसीसी, म्हणजे तुलनेसाठी बाहेरून मिसळायचे मानक आरएनए, नमुन्यातल्या आरएनएच्या वजनाच्या नव्हे, पेशींच्या संख्येच्या प्रमाणात घाला, तेही आरएनए काढण्याआधी. नाहीतर सगळ्याच जनुकांचे वाचन एकसारखे घटले तर नॉर्मलायझेशनमध्ये (नमुन्यांची एकूण मोजणी सारखी करताना) ते पुसले जाईल.