लाळ खुरकूतात वासरू अचानक का जातं, आणि मागे राहिलेलं कसं सांभाळायचं

एका दादांचा प्रश्न आलाय. गाईला लाळ खुरकूत झालं, तिचं 12 दिवसांचं वासरू दूध पिता पिता कोसळलं आणि गेलं, तोंडात एकही फोड नव्हता. आता गोठ्यातलं दुसरं, महिन्याभराचं, चार पावलं चाललं की धापतंय. न्यूमोनियाचं इंजेक्शन चालू करू का म्हणतात.

दादा, थांबा. मोठ्या जनावरात हा रोग तोंडात आणि खुरात दिसतो पण लहान वासरात विषाणू सरळ हृदयाच्या मांसावर बसतो, शवविच्छेदन केलं तर हृदयावर वाघासारखे पट्टे दिसतात. फोड यायच्या आधीच वासरू जातं ते यामुळं.

आता धापेचं बघा. हृदय कमी रक्त ढकलायला लागलं की सुरुवातीला शरीर भागवून घेतं, एरवी रक्तातला बराचसा ऑक्सिजन न वापरताच परत येतो तो आता जास्त ओढून घेतला जातो, आणि ठोके वाढतात. पण वासराच्या हृदयाला दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायची ताकद फारशी नसते, ते ठोके वाढवूनच भागवतं, आणि वजनाच्या मानानं त्याला ऑक्सिजन मोठ्या गाईपेक्षा जास्त लागतो. म्हणजे शिल्लक अशी काही नाहीच. मग ठिबकला प्रेशर कमी पडल्यावर आपण काही कॉक बंद करतो ना, तसं शरीर कान, पाय, आतडी यांचं रक्त तोडून मेंदू आणि हृदयाला देतं. म्हणून कान-पाय गार पडतात, दूध पचत नाही. रक्त पोचणं त्याच्याही खाली गेलं की ऑक्सिजनचा वापरच घटतो, अंगात आम्ल साचतं, ऊब तयार होत नाही.

म्हणून त्याला पळवू नका, आईमागं ओढू नका, जबरदस्तीनं नळीनं पाजू नका. कोरडी जागा, खाली पेंढा, अंगावर पोतं. दूध थोडं थोडं चार-पाच वेळा द्या, आणि आजारी गाईचं दूध चांगलं उकळून कोमट करूनच, कारण विषाणू दुधातूनही जातो. सलाईन कुणाच्या सांगण्यावरून भराभर लावायची नाही!! हगवणीत सुकलेल्या वासराला ती वाचवते, इथं पंपच कमजोर आहे, पाणी फुफ्फुसात साचायचं. वासराच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागं हात ठेवून ठोके मोजा, शांत वासराचे मिनिटाला साधारण 100 ते 140 असतात, त्यावर गेले किंवा चुकत असले तर लगेच 1962 या जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या नंबरला फोन लावा. मी कृषी खात्यातला, छातीला स्टेथोस्कोप लावून न्यूमोनिया की हृदय हे ठरवणं पशुवैद्यकाचं काम.

गोठा धुण्याच्या सोड्यानं धुवा, लिटरला 40 ग्रॅम. वासराला पहिली लस चौथ्या महिन्यात, तोवर त्याचं संरक्षण म्हणजे लस घेतलेल्या आईचा चीक, तेव्हा गाभण गाईची लस चुकवू नका.