पोच घेतली का? (वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं)

अधिवेशन संपलं की आमच्या मतदारसंघात आमदारसाहेबांचं गुळगुळीत कागदावरचं पत्रक घरोघरी येतं. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला "नवे कायदे, नव्या योजना, आपल्या हक्काची मदत". पत्रक वाईट नसतं, माहिती बरीच असते. पण त्यात चार ओळीत उरकलेलं व्हॉट्सॲपवर जाऊन चाळीस ओळींचं होतं आणि मग आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. बावीस वर्षं तालुका कोर्टात वकिली करतेय, प्रश्न तेच, फक्त कायद्याचं नाव बदलतं. म्हणून यावेळी सगळे एकत्र घेतले.

प्रश्न : ताई, उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प लागेल असं व्हेंडर म्हणतो. १०० चा बंद झाला ना?

नाही लागत. सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० चे ५०० झाले ते करारनामे वगैरेंसाठी, आणि व्हेंडरला हे माझ्याइतकंच माहीत आहे.

प्रश्न : माझा मुलगा २०१५ चा. आईचं नाव लावायची सक्ती झालीय म्हणे, सगळी कागदपत्रं बदलायची का?

नाही. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तो निर्णय आहे. तुम्ही निवांत राहा आणि "गॅझेट करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलीचा पाठलाग करून त्रास देणाऱ्याविरुद्ध शक्ती कायद्याखाली केस करायची होती. पोलीस म्हणाले असा कायदाच नाही. ते टाळतायत का?

तेवढ्यापुरतं पोलीस खरं बोलले. बाकी टाळतायत का ते पुढे बघू.

बायकांवरच्या अत्याचारांना जास्त कडक शिक्षा आणणारं शक्ती विधेयक आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, टीव्हीवर दिवसभर चाललं, चौकाचौकात अभिनंदनाचे बॅनर लागले आणि लोकांच्या डोक्यात कायदा आला तो आलाच. पण फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीतला विषय, राज्याला केंद्राच्या कायद्यापेक्षा वेगळं काही करायचं तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. ती मिळाली नाही. मध्येच १ जुलै २०२४ पासून जुनं आयपीसी-सीआरपीसीच गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे ज्या कलमांना ठिगळ लावायचं होतं ती कलमंच उरली नाहीत.

सभागृहात घोषणा झाली म्हणजे कायदा झाला असं नसतं हो. विधेयक मांडतात, दोन्ही सभागृहात पास होतं, राज्यपालांची सही होते, राजपत्रात छापून येतं आणि त्यात लागू व्हायची तारीख असते. अध्यादेश लगेच लागू होतो, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाने तो पक्का केला नाही तर संपतो. शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा सरकारी खात्याचा आदेश, ती आणखी वेगळी गोष्ट. "नवीन कायदा आला" असा मेसेज आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, राजपत्राची तारीख काय? नव्वद टक्के मेसेज तिथेच गप्प होतात.

आता तुमच्या मुलीचं. पाठलाग करणं हा न्याय संहितेत गुन्हा आहेच, शक्तीची वाट बघायची गरज नाही. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसात जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवा, आणि त्यानेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. पण हे एकटीने करू नका, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा आणि कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आजच जा, "जरा थांबून बघू" म्हणत तीन महिने घालवलेल्या केसेस मी पाहिल्यात, मेसेज डिलीट झालेले असतात, सीसीटीव्ही पुसलेला असतो.

प्रश्न : २०२२ ची ४२० ची केस आहे, ती आता नवीन कलमाखाली चालणार का?

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर कलम जुनंच, तारखा कशा पडतील ते तुमच्या वकिलांना विचारा.

प्रश्न : अकरा महिन्यांचा भाडेकरार नोटरी केला की झालं ना? की नवीन भाडे कायद्यात रजिस्टर करावाच लागतो?

नवीन बिवीन काही नाही, तुम्ही ऐकलंय ते केंद्राच्या नमुना कायद्याबद्दल, आणि नमुना म्हणजे नमुना, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा अकरा महिन्यांचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिने असो की अकरा दिवस. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून ही अकरा महिन्यांची अफवा जन्माला आली आणि एजंट लोकांनी तिला पोसली. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. हे ऐकलं की घरमालक एकदम सरळ बसतात. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं वेगळं, एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

प्रश्न : मुलीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज देऊन दोन महिने झाले. सात हेलपाटे झाले. एक जण १५०० मध्ये दोन दिवसात करून देतो म्हणतो, आमदारांच्या ऑफिसातून "फोन करतो" म्हणालेत. काय करू?

पोच आहे का? बहुतेक नसणारच, कारण असती तर तुम्ही तारीख आणि अर्ज क्रमांक लिहिला असता.

आता जरा वेळ काढून वाचा. २०१५ पासून आपल्या राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला हा साहेबांचा उपकार नाही, ठरलेल्या मुदतीत मिळायचा तुमचा हक्क आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस. कुठली सेवा, किती दिवस, किती फी, कोण अधिकारी, अपील कोणाकडे, हे सगळं ऑफिसबाहेर बोर्डवर लावणं बंधनकारक आहे. बोर्ड नसेल तर मोबाईलवर भिंतीचा फोटो काढून ठेवा. अर्ज दिला की पोच द्यायची, त्यावर तारीख आणि क्रमांक. मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं तर तीस दिवसात पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, तिथे नाही जमलं तर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड, आणि तो भरायचा त्याने स्वतःच्या खिशातून. "आपले सरकार" पोर्टलवरून अर्ज केला असेल तर अपीलसुद्धा तिथूनच होतं.

पण हे सगळं यंत्र चालू कशाने होतं? त्या तारखेने! मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजायची, अपिलाची मुदत त्याच्यापुढे. तारीख नाही तर उशीर नाही, उशीर नाही तर अपील नाही, आणि टेबलामागचा माणूस हे पक्कं जाणून असतो म्हणूनच म्हणतो "ठेवून जा, बघतो". ठेवून जायचं नाही! आवक-जावकच्या टेबलावर जायचं, जुने लोक बारनिशी म्हणतात ती, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. शिक्का नाही म्हणाले, शाई संपली म्हणाले, क्लार्क जेवायला गेलाय म्हणाले तर तिथेच बसा, जेवून येतोच तो. अगदीच घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

माझ्याकडे मागे एक शेतकरी आले होते, मुलीला इंजिनिअरिंगचा नंबर लागलेला, नॉन क्रिमीलेअरसाठी एका ऑफिसात वेळेत अर्ज दिलेला पण पोच नाही. महिन्याने उत्तर मिळालं, "असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही." काय दाखवणार? मुलीची जागा गेली. मी वकील असून काही करू शकले नाही, तेव्हापासून लग्नाच्या आमंत्रणाला गेले तरी लोकांना पोच घेतली का विचारते, घरचे वैतागलेत.

म्हणून तुम्ही उद्या सकाळी तिथे जा. सेवा केंद्रातून अर्ज केला असेल तर पावतीवर क्रमांक असतो, तो शोधा आणि अपील करा. नुसता कागद ठेवून आला असाल तर नव्याने अर्ज आणि पोच. कॉलेजला लेखी कळवा की दाखला प्रक्रियेत आहे, सोबत पोचेची प्रत, आणि मुदत वाढवून मिळते का ते प्रवेशाच्या सुविधा केंद्रात विचारा. १५०० वाल्याला एक रुपया नाही, त्याने आणलेला दाखला बोगस निघाला तर गुन्हा तुमच्यावर. आमदारांच्या फोनचं म्हणाल तर फोन जरूर करू देत, पण फोनची आवक होत नाही. आणि माहिती अधिकाराशी गल्लत नको, तो दहा रुपयांचा अर्ज माहिती मिळवायला, त्याने दाखला मिळत नाही.

प्रश्न : योजनेची केवायसी राहिलीय, लिंक आलीय, ओटीपी देऊ का?

नका देऊ. दिला असेल तर आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकीचा लेख नंतर वाचा.

प्रश्न : वडिलांनी फ्लॅट मोठ्या भावाला बक्षीसपत्राने दिला, आता तो त्यांना जेवायलाही विचारत नाही. फ्लॅट परत मिळेल का?

मिळू शकतो, पण "मिळतोच" असं जे फॉरवर्ड फिरतंय ते अर्धवट आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ करायच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडली तर रद्द होऊ शकते. अडतं कुठे, तर त्या अटीपाशी. सुप्रीम कोर्टाने एका निकालात अट हवीच म्हटलं, जानेवारी २०२५ च्या निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. म्हणजे तुमच्या बक्षीसपत्रात आणि त्यावेळच्या इतर कागदात काय लिहिलंय यावर सगळं आहे, आणि ते मी न वाचता सांगणार नाही. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, निर्वाह भत्ता महिना १०,००० पर्यंत मागता येतो, तोही सोबत मागा. आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला आणि बक्षीसपत्राची नक्कल घेऊन वकिलाला भेटा. भावाशी भांडायला जाऊ नका, वडील अजून त्याच छताखाली आहेत.

प्रश्न : धर्मादाय हॉस्पिटलात मोफत बेडसाठी आमदारांचं पत्र लागतं का?

नाही. दहा टक्के बेड निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणं कायद्यानेच भाग आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत दुर्बल घटक. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, आणि "बेड शिल्लक नाही" म्हणाले तर लेखी मागा, न दिल्यास धर्मादाय आयुक्तालय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं त्याच फेरीत विचारा, तिथे योजनेचा आरोग्यमित्र असतो, किंवा १५५३८८ ला फोन करा. तातडीचा पेशंट असेल तर आधी दाखल करा, कागद नंतर.

प्रश्न : आमच्या गावच्या पुलाचा प्रश्न विधानसभेत यावा असं वाटतं. आमदारांना कसं सांगायचं?

सत्काराच्या गर्दीत कानात नाही. एक पानी निवेदन, सोबत ग्रामसभेचा ठराव, पूल कधीचा, कोणत्या खात्याचा, आधीच्या पत्रव्यवहाराच्या तारखा. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळे नागपूरला अधिवेशन सुरू झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही. घाईचं असेल तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, सुचवा. विनंती अर्ज समिती म्हणूनही एक प्रकार असतो, तो आमदारांमार्फतच जातो, त्याबद्दल त्यांच्या स्वीय सहायकांना विचारा, बऱ्याचदा त्यांनाच तो नव्याने आठवतो.

आणि निवेदन दिल्यावर आमदार कार्यालयातूनही पोच घ्या. हसतील, हसू देत.