मायकोरायझा टाकूनही पॅरा गवत वाढेना?

प्रश्न : आरे कॉलनीत तबेल्यासाठी एक एकर पॅरा गवत आहे. दर कापणीनंतर डीएपी खताची एक गोणी देतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोनदा मायकोरायझाची (मुळांशी जोडीनं राहणाऱ्या बुरशीची) पावडर फेकली. फरक शून्य. डोस वाढवू का?

उत्तर : अजिबात नाही. आधी डीएपी बंद करा. ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद (फॉस्फरसचं अन्नद्रव्य) असतं; सहा कापण्यांत १३८ किलो झालं, वर तबेल्याचं शेणपाणी आहेच. इतकं आयतं मिळाल्यावर गवत बुरशीला कशाला पोसेल? व्यवहार सरळ आहे : गवताचं मूळ बुरशीला साखर आणि स्निग्धाम्लं देतं, बुरशी आपल्या धाग्यांनी लांबचं स्फुरद आणि जस्त ओढून आणते. पानांनी हवेतून घेतलेल्या कर्बातला (कार्बनमधला) साधारण ४ ते २० टक्के वाटा गवत यात घालतं. स्फुरद भरपूर झालं की हा खर्च ते आवरतं. अशा जमिनीत दुप्पट पावडर म्हणजे दुप्पट बिल, बाकी काही नाही.

दुकानदार मुळावरचा पांढरा कापूस दाखवून ‘बघा, लागला’ म्हणतो ना? ती बहुतेक वेळा कुजक्या काडीवरची साधी बुरशी असते. मायकोरायझा मुळाच्या आत असतो; मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय दिसत नाही.

पावडर द्यायची ती लागवडीच्या वेळी, ठोंबाच्या मुळाला चिकटेल अशी. उभ्या गवतावर फेकू नका, बुरशीनाशकासोबत तर नकोच. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेलं, मुदत संपत आलेलं पाकीट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. पाणी तुंबतं त्या खाचरात आधी चर काढा. बुरशीलाही हवा लागते.

माझा आग्रह मात्र विळ्याबाबत आहे. जमिनीला घासून कापू नका. एकावर एक दोन मुठी, म्हणजे १५ सेंमी बुडखा राखा. पानच उरलं नाही तर मुळाकडे साखर जाणार कुठून? फूट येते ती साठ्यावर, आणि बुरशी उपाशी राहते. दोन कापण्यांत ३०-३५ दिवस जाऊ द्या. तबेल्याची घाई असली तरी.

माती तपासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात. तुम्ही स्फुरदाची ओळ आधी वाचा, ‘जास्त’ असेल तर पाकीट घेऊच नका.

प्रश्न : मनोरीला वरकस माळ आहे. बुरशीच्या जाळ्यातून एका रोपाची साखर दुसऱ्याला जाते म्हणतात. मग थोड्याच रोपांना पावडर पुरेल?

उत्तर : त्या भरवशावर राहू नका. धागे दोन रोपांना जोडू शकतात, पण कर्ब बहुतांशी बुरशीतच मुरतो. जुन्या माळात ही बुरशी आधीपासून असतेच, तिला विकत कशाला आणता? नांगरट टाळा, धागे तुटतात. उघड्या पडलेल्या पट्ट्यात जूनमध्ये चवळी पेरा. तिच्या मुळांवर बुरशी चांगली वाढते. मुळा, कोबी नको, त्यांच्या मुळांत ती शिरतच नाही.