जावा सहा पीसींवर, पैसे १८० जणांचे?

प्रश्न: चाकणला आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, कायमचे आणि कंत्राटी धरून १८० माणसं. सरकारी टेंडर भरताना डिजिटल सहीसाठी ऑफिसातल्या ६ पीसींवर कधीतरी जावा (ती सही चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं. आता लायसन्स विकणाऱ्या एका एजन्सीचा माणूस मेलवर विचारतोय की एकूण माणसं किती, पैसे सगळ्यांचे लागतील म्हणे. वेल्डरचा जावाशी काय संबंध?

उत्तर: काहीच नाही, आणि मला हे अजिबात पटत नाही, पण नियम खरंच तसा आहे. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलचं, म्हणजे जावाच्या मालक कंपनीचं, जावा सबस्क्रिप्शन माणशी झालंय, म्हणजे वापरतं कोण हे बघतच नाहीत, कायमचे, पार्टटाइम, टेम्पररी आणि कंपनीच्या कामाला लागलेले कंत्राटदाराचे लोकसुद्धा धरतात. तेव्हा जाहीर झालेला दर ९९९ माणसांपर्यंत महिन्याला माणशी १५ डॉलर, म्हणजे तुमचे वर्षाचे ३२,४०० डॉलर, पंचवीस लाखांच्या पुढेच गेले की हो, आणि तेही सहा पीसींपायी!

पण घाबरून लगेच आकडा कळवू नका. आधी प्रत्येक पीसीच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन कुठलं जावा आहे ते बघा. टेमुरिन किंवा कोरेटो (ओरॅकल सोडून दुसऱ्यांनी काढलेली जावा) असेल तर प्रश्नच मिटला, ती ओपनजेडीकेवर, म्हणजे जावाच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर, बनलेली आहेत, धंद्यासाठीपण फुकट. ओरॅकलचं ‘जावा ८’ असेल तर त्या नावापुढे लिहिलेला अपडेट नंबर बघा: २०२ पर्यंत जुनं लायसन्स, ऑफिसच्या साध्या कामाला पैसे नाहीत, पण एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या २११ पासून धंद्यातल्या वापराला लागतात. जावा १७, २१ चे नियम अजून वेगळे, त्यात नेमकी तारीख बघावी लागते. खरंतर इथेच लोक फसतात, अपडेटची खिडकी येते, कुणीतरी ‘येस’ दाबतं आणि फुकटचं जावा पैशाचं होऊन बसतं.

मग एका पीसीवर टेमुरिन टाकून टेंडरची सही होतेय का ते तपासा, झाली तर सगळीकडे तेच टाका आणि जुनं काढा. मात्र काढल्याने मागचा वापर पुसला जात नाही, म्हणून आधी स्क्रीनशॉट घेऊन कुठल्या पीसीवर कुठलं व्हर्जन कधीपासून होतं ते लिहून ठेवा. मागच्या वर्षांचे पैसे मागितले तर सही करण्याआधी ते कागद वकिलाला दाखवा.