अंक वाचून झाला की देऊन का टाकायचा?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. दिवाळीत सगळे दिवे लावतात, फराळ करतात, मग मराठी लोकच मासिकांचे दिवाळी अंक का विकत घेतात, हा पहिला. दुसरा असा की अंकाच्या किमतीहून जास्त टपालखर्च करून आई तो मेलबर्नला मागवते आणि वाचून झाला की देऊन टाकते, मग घेतेच कशाला? दुसऱ्यातला टोमणा पोचला बरं का.

पहिल्याचं उत्तर तसं सोपं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र मुंबईत ‘मनोरंजन’ नावाचं मासिक चालवत. इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक तेव्हा निघायचे. तसा या काशिनाथ मित्रांनी 1909 मध्ये दिवाळीचा काढला. तो लोकांना आवडला, मग इतरांनीही काढले, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी ते चालूच आहे. आता दरवर्षी शेकडो निघतात. कथा-कवितांचे, विनोदी, मुलांचे, आरोग्याचे, पाककृतींचे, नुसत्या भविष्याचेसुद्धा. सगळे वाचण्यासारखे असतात असं मुळीच समजू नकोस. काहींमध्ये जाहिरातींच्या अधूनमधून जागा उरली म्हणून मजकूर घातलाय की काय असं वाटतं! पण त्या जाहिरातींवरच अंक उभा असतो. दिवाळीत नोकरदारांच्या हातात बोनस यायचा, दुकानदारही जाहिरातीसाठी हात सैल सोडायचे, म्हणून एरवी चार पानांत कथा उरकायला लावणारा संपादक दिवाळीत तीस पानं द्यायचा. कितीतरी कादंबऱ्या पुस्तक होण्याआधी दिवाळी अंकात येऊन गेल्या आहेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र तुला डोंबिवलीला यावं लागेल.

आमच्याकडे पुस्तक वाचायला वेगळी वेळ अशी नव्हतीच. खुर्चीत रेलून चहा घेत वाचणारी बाई मी लहानपणी फक्त चित्रात पाहिली. आजी फोर्टातल्या बँकेत नोकरीला होती. सकाळची ठरलेली गाडी, लेडीज डब्यात ठरलेला ग्रुप. दिवाळीच्या आधीच त्या बायकांचं ठरायचं की कोणी कुठला अंक घ्यायचा. एकीने एकच घ्यायचा आणि सगळ्यांनी फिरवायचा. त्यामुळे एका अंकाच्या पैशात अख्ख्या ग्रुपचे अंक वाचून व्हायचे. नियम कडक होते. पान दुमडायचं नाही, खुणेला लोकलचा पास किंवा भाजीची यादी घालायची, आणि शेवट सांगायचा नाही. ठाण्यापर्यंत बसायला मिळालं तर कथा, उभं राहावं लागलं तर कविता, अशी आजीची विभागणी होती. (कवितेला एक हात पुरतो, असं ती म्हणायची.) तिचा अंक तिच्याकडे परत येईतो मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झालेले असायचे आणि त्याच्यावर निदान चार घरच्या चिवड्याचं तेल लागलेलं असायचं.

अंक हातात आला की आधी राशिभविष्य. आजीचा भविष्यावर विश्वास नाही, हे ती आजही सांगते. पण आपली रास वाचून झाली की आजोबांची, मग साहेबांची, मग ज्या जावेशी पटत नाही तिची.

बाकीचे अंक लायब्ररीतून यायचे. तिथे दिवाळी अंकांची वेगळी योजना असे. नेहमीच्या वर्गणीखेरीज थोडे पैसे भरले की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. लायब्ररीवाले काका आल्या आल्या प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालायचे आणि पाठीला जाड दोऱ्याचे टाके मारायचे, कारण एवढ्या हातांतून जाताना पानं सुटतात. त्या टाक्यांमुळे अंक पुरता उघडायचाच नाही. ओळीचं शेवटचं अक्षर शिवणीत गेलेलं असायचं, ते आपण अंदाजाने भरायचं. ‘आवाज’ मिळाला तर त्यातली खिडकीचित्रं आधीच कोणीतरी फाडलेली. म्हणजे पानाला खिडकी कापलेली असते, त्यातून काहीतरी चावट दिसतं, आणि पान उलटलं की प्रकार अगदी साधा निघतो. आम्हा मुलांना तो अंक हातात घ्यायची बंदी होती. अर्थात वाचला सगळ्यांनी.

आजोबांना मात्र ही देवाणघेवाण पटत नसे. आपण पैसे दिलेत, आपल्याकडेच राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतःचा वेगळा अंक घ्यायचे आणि माळ्यावर सुतळीने बांधून ठेवायचे. घर बदलताना तो गठ्ठा खाली काढला तेव्हा त्याला कसर लागली होती, आतली पानं चाळणीसारखी झालेली. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच कथा आजीला आठवत होत्या, कारण गाडीत त्यांच्यावरून भांडणं झाली होती. कुठल्या नायिकेने नवऱ्याला सोडायला हवं होतं, यावर घाटकोपर ते दादर वाद. आजोबांना नावंसुद्धा आठवेनात.

म्हणून मी देते. इथे आम्ही पाच घरं आहोत. कोणी भारतातून येणार असलं की त्याच्या बॅगेत अंक कोंबायचे, नाहीतर टपालाने मागवायचे. हल्ली एक अंक तीनशे-चारशे रुपयांना पडतो, वर टपाल, त्यामुळे सगळे अंक एकाच घरी घेणं तसंही वेडेपणाचं. वाचून झालेला अंक पुढच्या घरी पोचवायला गेलं की दारातच ‘ती दुसरी कथा वाचलीस का?’ सुरू होतं आणि अर्धा तास जातो. माझं मराठी बोलणं इथे अशा अर्ध्या तासांवरच चाललंय.

यंदाची यादी आजीने पाठवली आहे, तुला फोटो टाकते. एक अंक तुझ्या नावावर, कुठला ते तू सांग. जोडाक्षरांना अडखळतेस म्हणून कचरू नकोस. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, तोवर तिथे हात बसव. आणि तुझी रास वृश्चिक. आजीने तुझं भविष्य वाचून ठेवलंय. परीक्षेचं काय लिहिलंय ते तिलाच विचार, मला सांगायला बंदी आहे.

तुझी,
आई